विषय: बायोमेट्रिक्सची तारीख बदलली नाही, ७५ डॉलर मात्र कापले

मॅनेजर,

तुमच्या सपोर्टशी ४० मिनिटं बोलून आत्ताच फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलेय, उद्यापर्यंत थांबले तर राग निवेल आणि मला तो निवू द्यायचा नाहीये.

अमेरिकेच्या ग्रीन कार्डाचे दोन्ही फॉर्म, आय-१३० (नवऱ्याने माझ्यासाठी भरायचा) आणि आय-४८५ (माझा स्वतःचा अर्ज), तुमच्याच मॅरेज पॅकेजमधून भरलेत. नुसत्या ४८५ ची सरकारी फी १,४४० डॉलर, तुमचे वेगळे. बायोमेट्रिक्सची, म्हणजे बोटांचे ठसे द्यायला या म्हणून नोटीस आली, गुरुवार सकाळी ९. त्याआधीच्या रविवारी भाकरी उलटताना वाफ लागली आणि उजव्या हाताच्या दोन बोटांवर टम्म फोड आले (हो, हातानेच उलटते, आईने उलथनं कधी दिलंच नाही). पट्टी बांधलेल्या बोटांचे ठसे कसे देणार? म्हणून सोमवारी सकाळीच अर्जंट केअरचा कागद जोडून तुम्हाला मेल केला की तारीख बदला. कारण योग्य असेल तर १२ तास आधीपर्यंत ऑनलाइन बदलून मागता येते, सरकार त्याचा एक डॉलर घेत नाही, हे तुम्हाला मी सांगायचं? मीच केलं असतं, पण माझ्या नावाचं खातं तुम्ही तुमच्या ईमेलवर उघडलंय, लॉगिनचा कोड तुमच्याकडे जातो.

सोमवारी "तिकीट रेज केलंय मॅडम". मंगळवारी "तिकीट रेज केलंय मॅडम". बुधवारी संध्याकाळी ७ ला मी परत फोन केला, तर हे ऐका.

"मॅडम, केस मॅरेज बेस्ड आहे ना?" हो. "मग हजबंडना पाठवा ना, ते तर सिटिझन आहेत." मला वाटलं लाइन खराब आहे. कशाला पाठवू? "फिंगरप्रिंटला." अहो, ठसे माझे हवेत, अर्जदार मी आहे. "हो, पण जॉइंट केस आहे ना मॅडम." जॉइंट केस! सप्तपदीत सात पावलं बरोबर चाललो, बोटं वेगवेगळीच राहिली आमची. मग ११ मिनिटं होल्डवर ठेवून, सुपरवायझरला विचारून परत येऊन काय सांगावं, तर "सोबत मॅरेज सर्टिफिकेट द्या, चालून जाईल". स्पीकर चालू होता, नवरा शेजारी बसून स्वतःच्या बोटांकडे बघत होता. मी शांतपणे बोलायचं ठरवलं होतं, पण कुठलं बोट लावू दे त्याला, हे विचारल्याशिवाय राहवलं नाही. तर तुमचा माणूस म्हणतो, "ते सेंटरवर सांगतील." जाहिरातीत 'मराठीतून बोला' लिहिलंय म्हणून तुम्हाला निवडलं होतं, आता वाटतं कळलं नसतं तेच बरं.

रात्री ९:४० ला तुमचा मेसेज, "ऑनलाइन विंडो क्लोज झाली आहे, कृपया स्वतः संपर्क करावा". म्हणजे तीन दिवस तिकीटच रेज होत होतं! गुरुवारी सकाळी ८ ला सरकारी हेल्पलाइन उघडल्या उघडल्या मीच फोन लावला, मशीनला "माणूस द्या, माणूस द्या" म्हणत शेवटी ८:३५ ला माणूस मिळाला, त्याने कारण लिहून घेतलं. नवी नोटीस अजून नाही. काही न कळवता गैरहजर राहिलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात, हे नोटिशीवरच छापलंय, त्यामुळे रोज पोस्टाच्या पेटीपाशी तीनदा जाते.

आणि आज कार्डावर ७५ डॉलर, 'रिशेड्यूलिंग असिस्टन्स'. विचारलं तर म्हणे, "तिकीट रेज केलं होतं ना मॅडम, म्हणजे सर्व्हिस दिली."

एडिसनमधल्या दोन मैत्रिणींना मीच तुमचं नाव सांगितलं होतं, त्यांना आजच फोन करणार आहे. ७५ डॉलर परत करा, नाहीतर बँकेत डिस्प्यूट टाकते. सोमवारी मेल मिळूनही तुम्ही रिक्वेस्ट टाकली नाही हे लेखी द्या. माझ्या फाइलची पूर्ण कॉपी पाठवा. आणि सगळ्यात आधी खात्यावरचा ईमेल बदलून माझा टाका, आजच, पुढची तारीख चुकली तर यावेळी बोटांचं कारणही नसेल, फोड वाळलेत.