मुर्टनच्या ताईंना, लाल पेनाबद्दल

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

स्वित्झर्लंडमधल्या मुर्टनला फिरायला येणाऱ्या आणि नव्यानं राहायला येणाऱ्या मराठी माणसांसाठी केलेलं आठ पानी माहितीपत्रक एकदाचं छापून झालं. त्याचा कच्चा मसुदा तुमच्याकडे आला तेव्हा पहिलं वाक्य होतं, ‘मुर्टन म्हणजे परीकथेतलं गाव.’ तुम्ही ते खोडलंत आणि समासात लिहिलंत, ‘परीकथेत कचऱ्याच्या पिशवीला पैसे पडत नाहीत.’ पुढच्या प्रत्येक पानावर तुमचा लाल पेन फिरला आणि जवळपास प्रत्येक खुणेपाशी एकच शब्द होता: ‘का?’ पत्रक ज्यांच्या हातात पडेल त्यांना हे ‘का’ कुणामुळे आलं ते कळावं, म्हणून हे आभाराचं पत्र उघड लिहीत आहोत.

सुरुवात तटबंदीपासून. ‘सुंदर जुनी तटबंदी’ एवढं लिहून आम्ही मोकळे झालो होतो. बाराव्या शतकाच्या अखेरीला त्सेरिंगन घराण्यानं वसवलेलं हे गाव 1416 च्या आगीत जवळजवळ सगळं जळालं, कारण घरं लाकडाची होती. त्यानंतर बांधकाम दगडात झालं. आज मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिसणाऱ्या दगडी कमानी त्याच धड्यातून आल्या, हे तुमच्यामुळे पत्रकात आलं. त्या कमानींखालच्या ‘लाउबेन’ला, म्हणजे छपराखालच्या पायवाटेला, मराठी शब्द सुचत नव्हता. ‘देवळाच्या ओवऱ्या आठवा’ असं तुम्ही म्हणालात आणि प्रश्न सुटला. तटावरच्या छपराखालच्या लाकडी वाटेवर चढायला तिकीट नाही, पण पायऱ्या अरुंद आणि उंच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच बघावं, आणि पावसात चामड्याच्या तळव्याची पादत्राणं नकोत, ही सूचनाही तुमचीच.

लढाईच्या पानावर सर्वात जास्त लाल शाई सांडली. 22 जून 1476 ला बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स इथं हरला, एवढंच आम्ही लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत, एवढी मोठी फौज हरली कशी? आता तिथं कारणं आहेत. आदल्या वर्षीच बर्न आणि फ्रीबुर्ग या शहरांनी हे गाव साव्हॉयच्या घराण्याकडून घेतलं होतं. आत आड्रियान फॉन बुबेनबेर्ग सुमारे दोन हजार माणसांनिशी वेढा सोसत होता. स्विस फौज 21 तारखेला येईल या हिशेबानं चार्ल्सनं सैन्य दिवसभर उभं ठेवलं. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस होता, म्हणून त्यानं बहुतेकांना छावणीत पाठवलं आणि ‘ग्र्यूनहाग’ नावाच्या कुंपणाच्या मोर्च्यावर थोडीच माणसं ठेवली. हल्ला नेमका तेव्हाच झाला. मोर्चा फुटला, बाकीच्यांना धड चिलखत चढवायलाही सवड मिळाली नाही, आणि एका बाजूला तळं असल्यामुळे पळायची वाटही अर्धीच उरली. किल्ल्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला यातली गोम लगेच कळेल: चौकी ढिली पडली की बुरूज कितीही मजबूत असून उपयोग नाही.

मेलेल्यांची हाडं शेजारच्या मेरिए गावात एका अस्थिगृहात ठेवली होती. 1798 मध्ये फ्रेंच सैन्यानं ते पाडलं आणि 1822 मध्ये तिथं स्मारकस्तंभ उभा राहिला. आम्ही स्तंभ लढाईच्या काळातला म्हणून लिहिला होता. साडेतीनशे वर्षांची चूक! ती छापली गेली नाही, याबद्दल वेगळे आभार.

लिंबाची डहाळी घेऊन फ्रीबुर्गपर्यंत धावलेल्या आणि विजयाची बातमी सांगून कोसळलेल्या दूताची गोष्ट आम्ही इतिहास म्हणूनच लिहिली होती. तुम्ही ‘दंतकथा’ असं लिहून शिवाय ‘लिंब नव्हे, लिंडन!’ म्हणून ठणकावलंत. खरंच, लिंडन हे युरोपातलं वेगळं झाड, आपल्याकडचा वाचक मात्र कडुलिंबच समजला असता. गोष्ट दंतकथा असली तरी तिच्यावरून 1933 पासून होणारी मुर्टन ते फ्रीबुर्ग ही धावण्याची शर्यत खरी आहे. ती ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असते आणि अंतर 17.17 किलोमीटर. रस्ता सपाट नाही. शेवटच्या टप्प्यातला ला सोनाझचा चढ नवख्यांना खातो, कारण सुरुवातीलाच ते सगळा दम घालवून बसतात.

तळ्याबद्दलचं तुमचं टिपण आम्ही जवळजवळ शब्दशः घेतलं. आजचा काठ निसर्गानं दिला तसा राहिलेला नाही. 1868 ते 1891 या काळात इथल्या नद्या वळवल्या गेल्या. आरे नदीचं पाणी हागनेकच्या कालव्यातून बीलच्या तळ्यात सोडलं आणि मुर्टन, नशातेल, बील ही तिन्ही तळी कालव्यांनी जोडून पाण्याची पातळी साधारण अडीच मीटर खाली आणली. दलदल आटली आणि ‘ग्रोसेस मोस’ नावाचा भाजीपाल्याचा मोठा पट्टा उघडा पडला. काठावरच्या प्रागैतिहासिक वस्त्यांचे खांबही उघडे पडले. तशा वस्त्या 2011 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पण कोरडी पडलेली पीटची, म्हणजे दलदलीत साचलेल्या वनस्पतींची, माती हवेशी संयोग होऊन कुजते आणि आक्रसते, त्यामुळे जमीन पुन्हा खचली. म्हणून 1962 ते 1973 या काळात दुसऱ्यांदा काम करावं लागलं. पूर आला की बील आणि नशातेल ही तळी जोडणाऱ्या त्सीलच्या कालव्यातलं पाणी उलट वाहतं आणि नशातेलचं तळं ते पोटात घेतं. ‘हे वाचल्यावर कोबीच्या शेताकडे वेगळ्या नजरेनं बघाल,’ असं तुम्ही खाली लिहिलं होतंत. तेही वाक्य ठेवलं आहे.

धर्म आणि भाषा यांवर आम्ही घाईनं लिहिलं होतं, तुम्ही सावकाश केलंत. 1484 पासून 1798 पर्यंत बर्न आणि फ्रीबुर्ग यांनी हा मुलूख भागीदारीत सांभाळला. पाच वर्षं एकाचा कारभारी, पुढची पाच दुसऱ्याचा. बर्न प्रोटेस्टंट झालं, फ्रीबुर्ग कॅथलिक राहिलं आणि मुर्टननं 1530 मध्ये बहुमतानं प्रोटेस्टंट पंथ घेतला. म्हणून फ्रीबुर्ग या कॅथलिक राज्यातलं हे प्रोटेस्टंट गाव, आणि तटाच्या आत जर्मन चर्च वेगळं, फ्रेंच चर्च वेगळं, पंथ मात्र एकच. स्टेशनवरच्या पाटीवर जर्मन ‘मुर्टन’ आणि फ्रेंच ‘मोरा’ दोन्ही नावं असतात. दुकानात शिरताना नमस्कार म्हणून जर्मन ‘ग्रुएस्सेख’ किंवा फ्रेंच ‘बोंझूर’ काहीही चालतं, मुकाट शिरणं तेवढं चालत नाही.

आता रोजचं. हे पान सगळ्यात आधी फाटेल, कारण फ्रिजवर तेच चिकटवलं जाणार. कचऱ्याला शुल्क भरलेली अधिकृत पिशवीच लागते. ती गाडी येण्याच्या दिवशी सकाळी ठेवायची. रात्री ठेवली की कोल्हे आणि मांजरं फाडतात. साध्या पिशवीत भरून ठेवली, तर आतली पाकिटं तपासून पत्ता शोधतात आणि दंड घरी येतो. काच पांढरी, हिरवी, तपकिरी अशी वेगळी करायची. निळी बाटली हिरव्यात. रविवारी आणि रात्री काच टाकायची नाही, आवाज होतो. कागद दोरीनं बांधायचा, पुठ्ठा वेगळा. पाण्याच्या प्लास्टिकच्या (पेट) बाटल्या दाबून हवा काढून, झाकण परत लावून दुकानातल्या डब्यात. तेलाची बाटली मात्र त्यात नको, कारण तेलानं सगळा लॉट खराब होतो.

निळ्या पट्ट्यांच्या जागेत गाडी लावताना काचेमागे ठेवायच्या वेळेच्या चकतीवर नेमकी वेळ लावायची नसते, पुढचा अर्धा तास लावायचा. 10:10 ला आलात तर बाण 10:30 वर आणि 11:30 च्या आत निघायचं. ‘आपण जास्त वेळ घेतोय’ या प्रामाणिक भीतीनं लोक 10:10 च लावतात आणि हक्काची वीस मिनिटं सोडून देतात. इमारतीतल्या धुण्याच्या खोलीत आपली पाळी पाळायची आणि सुकवणी यंत्राच्या जाळीतला धाग्यांचा गोळा काढून ठेवायचा. शेजाऱ्यांशी पहिलं भांडण बहुतेकदा त्या गोळ्यावरूनच होतं. फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी दुपारी 13:30 ला देशभर भोंगे वाजतात. ती चाचणी असते, घाबरायचं नाही.

जुने फोटो घेऊन येणारे ‘तळ्यातला तो गंजका घन कुठं आहे?’ असं विचारतात. तो फ्रेंच वास्तुरचनाकार जाँ नुव्हेल यांनी 2002 च्या राष्ट्रीय प्रदर्शनासाठी उभारला होता. प्रदर्शन संपलं, तो काढला. प्रश्न संपावा म्हणून तेही छापलं आहे.

खाण्याच्या पानावर आम्ही निडलकूखेनला ‘क्रीम केक’ म्हटलं होतं. ‘निडलं म्हणजे साय,’ तुम्ही लिहिलंत, ‘आणि हा केक नव्हे, गोड पाव आहे.’ तुमचं प्रमाण असं: मैदा 500 ग्रॅम, ताजं यीस्ट 20 ग्रॅम, लोणी 75 ग्रॅम, कोमट दूध साधारण 3 डेसिलीटर, मीठ चमचाभर. दुप्पट फुगलं की सेंटीमीटरभर जाड लाटायचं, कडा बोटानं उंच करायची, मधे बोटांनी खड्डे पाडायचे. वर दाट साय आणि साखर. साय एकदम ओतायची नाही. पातळ थर लावून भट्टीत थोडा वेळ ठेवायचं, मग दुसरा थर, मग तिसरा. घाई केली की साय कडेवरून उतू जाऊन भट्टीच्या तळाला जळते. कडा बुटकी राहिली तरी तेच होतं. भारतात करणाऱ्यांसाठी तुम्ही जोडलंत: पातळ क्रीमचा डबा नको, म्हशीच्या दुधाची दोन दिवसांची साय फेटून घ्या. तळ्यापलीकडच्या व्ह्युईच्या डोंगराखाली हाच पदार्थ तिथल्या नावानं मिळतो, आणि मूळ कुणाचा यावर दोन्ही काठांचं एकमत नाही. तुम्ही कुठल्या बाजूच्या आहात ते आम्ही छापलेलं नाही.

22 जूनच्या सोलेनितेट या मुलांच्या उत्सवासाठी मात्र तुम्ही नवं काही लिहू दिलं नाहीत. ‘पांढऱ्या कपड्यांतली, डोक्यावर फुलांच्या कड्या घातलेली मुलं मिरवणुकीत जातात, गर्दीत पुढं घुसू नका, फोटो काढण्याआधी आईबापांना विचारा,’ एवढंच. तेवढंच ठेवलं.

पंचवीस प्रती टपालानं पाठवत आहोत. सोबत तुमच्या खुणांचा मसुदाही परत करतो. तिसऱ्या पानावरचा एक शब्द कुणालाच लागला नाही. ‘वेढा’ आहे की ‘वेडा’, तेवढं कळवा. दुसरी आवृत्ती त्यावर अडली आहे.

आपली स्नेहांकित,
माहितीपत्रक करणारी मंडळी