खोताच्या वाडीतील आमच्या घराच्या वास्तुविशारद ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात वडील तळमजल्यावरच्या नव्या न्हाणीघरात कोणाचाही हात न धरता जाऊन आले आणि त्याच संध्याकाळी हे पत्र लिहायचे ठरले. ते सर्वांसमोर लिहितो आहे, कारण मुंबईत आमच्या गिरगावात आणि अन्यत्रही आमच्यासारखी जुनी लाकडी घरे सांभाळणारी कुटुंबे आहेत आणि दुरुस्तीची परवानगी हे नुसते विघ्न आहे, असे त्यांनाही आमच्यासारखेच वाटत असेल.

आपली भेट होण्यापूर्वी आम्ही खचलो होतो. कौले उतरवून पत्रे घाला, गॅलरीचा लाकडी कठडा काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवा, असा सल्ला आम्हाला मिळाला होता; त्याच बेताचा, घराचे एकही छायाचित्र न जोडलेला अर्ज कोणीतरी आमच्यासाठी करून दिला आणि तो परत आल्यावर आम्ही सारा दोष नियमांना दिला. तो पावसाळा ताडपत्रीखाली गेला. मुंबईत वारसा वास्तूंची, म्हणजे जतन करायच्या जुन्या इमारतींची, नियमावली १९९५ पासून लागू आहे, सर्वांत महत्त्वाच्या, म्हणजे पहिल्या श्रेणीच्या वास्तूला जवळपास हात लावता येत नसला तरी तिसऱ्या श्रेणीत बदलाला बराच वाव असतो, वारसा संवर्धन समिती शिफारस करते आणि निर्णय महापालिका आयुक्तांचा असतो, ही साधी माहितीसुद्धा आम्हाला आपल्याकडूनच मिळाली.

पण मला खरे आभार मानायचे आहेत ते त्या पहिल्या दुपारचे. आपण शिडीवर चढलात, पेचकसाच्या मुठीने प्रत्येक तुळई ठोकत गेलात आणि कान लावून आवाज ऐकत राहिलात. भरीव आवाज आला की पुढे, पोकळ आला की खडूची खूण. ‘सगळे लाकूड गेले आहे,’ असे आम्हाला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात भिंतीत शिरलेली, ओल लागलेली टोके तेवढी कुजली होती आणि मधला सगळा साग ठणठणीत होता. टोके कापून तिथे नवा साग सांधला की तुळई वाचते, हे आपण आईला कागदावर रेखाटून दाखवलेत. कठड्याच्या एका दांडीवरचा तेलरंग खरवडल्यावर करड्याखाली तपकिरी आणि त्याखाली हिरवा रंग निघाला, तेव्हा वडील एकदम म्हणाले, “हा माझ्या लहानपणीचा.” त्या हिरव्याचा नमुनाही आपण अर्जासोबत जोडलात.

आपण केलेले नकाशे मी आजही काढून बघतो. आहे ते घर एका कागदावर, होणारे दुसऱ्यावर. बाहेरचा जिना, ओटा, गॅलरी आणि मंगलोरी कौलांचा उतार दोन्हींवर तसाच, आणि बदल फक्त मागच्या जुन्या मोरीच्या जागी, जो गल्लीतून दिसतसुद्धा नाही. वडिलांच्या गुडघ्यांची अडचण आपण अर्जात दोन सरळ वाक्यांत मांडलीत, तिचे भांडवल केले नाहीत. कौले आणि साग यांचा खर्च पत्र्यांपेक्षा जास्त येईल, हेही आपण पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलेत. तो जास्तच आला, आणि आम्हाला त्याची खंत नाही.

आईला खिडक्या मोठ्या हव्या होत्या, त्यावरून आपला आणि तिचा बराच वाद झाला. आपण नमते घेतले नाहीत. मात्र जुन्या झडपांच्या वरची, कित्येक वर्षे खिळे ठोकून बंद केलेली झरोक्यांची ओळ उघडून दिलीत. आता दुपारी तिच्या स्वयंपाकघरात दिवा लावावा लागत नाही.

कठड्याला हिरव्या रंगाचा शेवटचा हात परवा दिला. तो वाळला आहे. वडील रोज संध्याकाळी ओट्यावर बसतात आणि आपण कधी येणार, हे विचारतात. सवडीने एकदा चहाला अवश्य यावे.

आपला नम्र,
खोताच्या वाडीतील एक रहिवासी