काका, वाळवणाची जागा राहिली बरं का

काका, नमस्कार. तुमचं नाव घालत नाही, कारण तुम्हाला ते आवडणार नाही, पण कराडच्या बाजूला जुन्या लुनावरून फिरणारे, आयटीआयमधनं वायरमनचे मास्तर म्हणून रिटायर झालेले काका म्हटलं की कळणाऱ्याला बरोबर कळेल.

चार महिने झाले सोलर बसून. लिहीन लिहीन म्हणत राहिलं, पण परवा आईनं गच्चीवर कुरडया घातल्या आणि मला राहवेना.

तुमच्या आधी दोघं येऊन गेले होते. पहिला मागच्या मे महिन्यात भर दुपारी बारा वाजता आला, दहा मिनिटं उभा राहिला आणि टाकीच्या मागची मोकळी जागा बघून म्हणाला, एक नंबर जागा आहे साहेब, सावलीचं नाव नाही. दहा हजार ॲडव्हान्स घेतला तो अजून माघारी आलेला नाही, फोन उचलत नाही. दुसरा तर आलाच नाही, मोबाईलवर वरनं दिसणारा घराचा फोटो बघून त्यानं 5 किलोवॅटचं कोटेशन पाठवलं. महिन्याला आमची युनिटं जळतात फक्त 240, एवढ्याला 5 किलोवॅट कशाला? आणि आई म्हणाली की तिथं मी वाळवण घालते, तर तो फोनवर हसून म्हणाला, काकूंना सांगा आता पापड विकत आणायचे. खरं सांगायचं तर मी पण हसलो होतो. ते आता आठवलं की लाज वाटते.

तुम्ही डिसेंबरात आलात. मला वाटलं टेप काढाल, मापं घ्याल. तुम्ही वर गेलात, गच्ची बघितली आणि पहिला प्रश्न आईला, "वहिनी, तुम्ही इथं काय काय करता?" मला नाही, आईला. ती गडबडलीच, पदर सावरत म्हणाली, काय नाही हो, आपलं वाळवण, मिरच्या, गोधड्या. तुम्ही म्हणालात, "कुठल्या महिन्यात?" आई म्हणाली, शिमग्यापासनं वळवापर्यंत. तुम्ही मान हलवली आणि विटेचा तुकडा उचलला. सकाळी नऊला टाकीच्या सावलीची कड आखली, मग बाराला, मग चारला. मधल्या वेळात घरी पण गेला नाहीत, जिन्यात बसून आईबरोबर चहा घेतलात. त्या विटेच्या रेघा पहिल्या पावसापर्यंत तरी जाणार नाहीत, आई पुसूच देत नाही.

मग मला जवळ बोलावून दाखवलंत की मे महिन्यात आपल्याकडं सूर्य डोक्यावर, शून्य सावलीचा दिवस पण तेव्हाच येतो, त्यामुळं त्या पहिल्याला सावली दिसणारच नव्हती. पण 22 डिसेंबरला इथं दुपारी सूर्य जेमतेम 49 अंशावर असतो, आणि जिन्याची खोली अधिक टाकी मिळून 13 फूट, म्हणजे बाराच्या टायमाला सुद्धा 11 फूट सावली उत्तरेला, त्याच टाकीमागच्या जागेवर पडणार, दुपारनंतर तर विचारूच नका. पॅनेल ओळीत जोडलेले असतात, एकावर सावली पडली की सगळ्या ओळीची वीज घटते, "जोडीतला एक बैल लंगडला की गाडी त्याच्याच चालीनं जाते," हे तुमचं वाक्य मी आता गावभर सांगत फिरतोय.

आणि मग तुम्ही जे केलंत ना काका. म्हणालात, टाकीमागची जागा हिवाळ्यात पॅनेलच्या कामाची नाही पण उन्हाळ्यात वाळवणाच्या कामाची आहे, मग भांडण कशाचं? पॅनेल दक्षिणेच्या कडेला, आठ फूट उंच, तोंड दक्षिणेकडं, खाली कपड्यांच्या दोऱ्या. टाकीमागची जागा वहिनींची. बास. 3 किलोवॅटच पुरतंय हे पण तुम्हीच सांगितलंत, केंद्राची सबसिडी ₹78,000 च्या वर जातच नाही, मग 5 कशाला. बाकीच्या फॉर्म आणि मीटरच्या कटकटीचं इथं नाही सांगत.

आमच्याकडं गवंडी येतो, प्लंबर येतो, पीओपीवाला येतो, सगळे वर भिंतीकडं बघून बोलतात, घरात राहणाऱ्या बाईला कोण काय विचारतंय. तुम्ही विचारलंत. पंच्याहत्तरीच्या बाईला तिच्याच गच्चीवर. आई त्या दिवशी रात्री जेवताना दोनदा म्हणाली, "मास्तर बरा माणूस आहे हो," आणि ती असं कुणाला सहजासहजी म्हणत नाही, मला तर अजून म्हणालेली नाही.

एप्रिलमध्ये 370 युनिटं बनली. मधल्या वादळी वाऱ्यात खालच्या आळीतले पत्रे उडाले, आपला एक नट हलला नाही, तुम्ही पॅनेलच्या पायांखालच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांसाठी बसवायला आलेल्या पोरांशी भांडला होता ते तेव्हा मला उगाच वाटलं होतं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, पेट्रोलचे पण नाहीत. पण कुरडयांना नाही म्हणता येणार नाही. आईनं डबा भरून ठेवलाय, झाकणाला दोरी बांधून. रविवारी सकाळी घेऊन येतोय, घरी थांबा.