मार्शा हंटबद्दल तुला सांगायचंच होतं

प्रिय मिनू,

परवा फोनवर जुन्या हॉलिवूडच्या नट्यांचा विषय निघाला आणि माझ्या जिभेवर आलेलं नाव तसंच राहून गेलं, मार्शा हंट. म्हणून लिहायलाच बसले. तू तिचं नाव ऐकलं नसशील, फार कुणीच ऐकलेलं नसतं आणि त्याचंच मला वाईट वाटतं गं.

जन्म १९१७ चा, शिकागोचा. सतराव्या वर्षी पॅरामाउंट स्टुडिओने घेतली, मग एमजीएम स्टुडिओने. १९४० च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ सिनेमातली चष्मेवाली, बेसूर गाणारी मेरी आठवते का, तीच ही. एवढी देखणी असून तिला नुसतं छान दिसायचं नव्हतं, वेगवेगळी माणसं रंगवायची होती.

आणि मग १९४७ आलं. अमेरिकी संसदेची एक समिती सिनेमावाल्यांना बोलावून विचारायला लागली, तू कम्युनिस्ट आहेस का, होतास का. त्याचा निषेध करायला हम्फ्री बोगार्ट, लॉरेन बकॉल, डॅनी के असे बरेच जण विमानाने वॉशिंग्टनला गेले, त्यात मार्शा आणि तिचा नवरा, पटकथालेखक रॉबर्ट प्रेस्नेल, हे दोघंही होते. पण लवकरच बोगार्टने जाहीरपणे म्हटलं की ती वारी मूर्खपणाची होती. मी त्याला फार दोष देत नाही, भीतीच तशी होती. पण हिने माघार घेतली नाही बघ!

मार्च १९५० मध्ये ती ‘लाइफ’ मासिकाच्या मुखपृष्ठावर होती, ब्रॉडवेवरच्या नाटकामुळे. आणि जूनमध्ये ‘रेड चॅनल्स’ नावाचं पुस्तक निघालं, कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा संशय घेतलेल्या १५१ जणांची यादीच, त्यात हिचं नाव. अशा याद्यांत, म्हणजे काळ्या यादीत, नाव आलं की काम मिळणं अवघड. ती कधीच कम्युनिस्ट नव्हती, तरी कामं आटली. तिला सुचवण्यात आलं की झालं त्याचा पश्चात्ताप झालाय असं लिहून दे, सगळं सुरळीत होईल. तिने नाही दिलं. पदराला खार लावून घेतला पण जे मनापासून केलं त्याची माफी मागितली नाही, आणि तेव्हा ती जेमतेम बत्तिशीतली, करिअरचा ऐन बहर गं.

मला सगळ्यात जास्त भावतं ते पुढचं. कडवट होऊन घरात बसली नाही. १९५५ मध्ये जगप्रवास केला, तिथली गरिबी बघून हादरली आणि मग संयुक्त राष्ट्रसंघाच्या कामाला वाहून घेतलं, भूक, निर्वासित यांवर गावोगाव भाषणं. नंतर लॉस एंजेलिसजवळच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत बेघरांसाठी निवारे उभे करायला धडपडली. मधूनमधून टीव्हीवर कामं, आणि १९७१ चा ‘जॉनी गॉट हिज गन’ हा सिनेमा, ज्याचा दिग्दर्शक डाल्टन ट्रंबो स्वतः काळ्या यादीतला. २०२२ मध्ये गेली, १०४ वर्षांची होऊन.

तू आधी ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ बघ, मेरीचे सीन थोडेच आहेत पण नीट बघ. मग तिचाच १९४८ चा ‘रॉ डील’ बघ, रविवारी फोन करते तेव्हा दोन्हींवर बोलू.

तुझीच,
शमा