फेल्डस्पार उलगडून दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचे मनापासून आभार मानायचे कधीचे राहून गेले होते. आता मीही खनिजशास्त्र शिकवतो, आणि फेल्डस्पार या खनिजगटापाशी आलो की तुमचाच प्रश्न मुलांपुढे ठेवतो : सांगाडा नुसता कलला आहे, की अणूंनी जागा बदलल्या आहेत?

क्वार्ट्झ, फेल्डस्पार, झिओलाइट या सगळ्या खनिजांत चतुष्फलक (मधे सिलिकॉन किंवा अल्युमिनियम, चार कोपऱ्यांवर ऑक्सिजन) चारही कोपऱ्यांनी शेजाऱ्यांना जोडलेले असतात आणि त्यांचाच सांगाडा बनतो, हे पुस्तकात होतंच. पण चतुष्फलक स्वतः जवळपास ताठ राहतो आणि हलतो तो सांधा, म्हणजे दोघांमधला सामायिक ऑक्सिजन, हे तुम्ही काड्यांचं मॉडेल आमच्या हातात देऊन दाखवलंत. एका टोकाला जरा पीळ दिला की मॉडेलमधल्या सगळ्या पोकळ्या एकदम आक्रसायच्या. क्वार्ट्झ ५७३ अंश सेल्सिअसखाली उतरताना हेच करतं. एकही बंध तुटत नाही, म्हणून बदल तत्काळ होतो आणि तापवलं की उलटतोही. कितीही झटकन गार केलं, तरी उच्च तापमानाचं क्वार्ट्झ हाती लागत नाही.

पोकळीत कोण बसलंय, यावरही बरंच ठरतं. सोडियम लहान, त्यामुळे सांगाडा त्याच्याभोवती खचतो. पोटॅशियम मोठा, तो सांगाड्याला खचू देत नाही. अल्युमिनियम विस्कळीत असलेलं आल्बाइट, म्हणजे सोडियमचं फेल्डस्पार, साधारण ९८० अंशांच्या वर एकनत (स्फटिकाच्या अक्षांमधला एकच कोन तिरका) असतं, खाली आलं की कलून त्रिनत (तिन्ही कोन तिरके) होतं. त्यात पोटॅशियम मिसळत गेलं की हे तापमान उतरत जातं. तापमान आणि घटक ही दोन वेगळी प्रकरणं नाहीत, हे मला तुम्ही दाखवलेल्या आलेखावरून उमगलं.

पण खरी गंमत तुम्ही पोटॅशियम फेल्डस्पारसाठी राखून ठेवली होतीत. सॅनिडीन, ऑर्थोक्लेज, मायक्रोक्लीन : रासायनिक सूत्र एकच. दर चार चतुष्फलकांमागे एकात अल्युमिनियम. सॅनिडीनमध्ये ते चारही जागांवर विखुरलेलं, मायक्रोक्लीनमध्ये एका ठरलेल्या जागी. तिथवर पोचायला सिलिकॉन-ऑक्सिजन आणि अल्युमिनियम-ऑक्सिजनचे भक्कम बंध तोडावे लागतात, म्हणून ज्वालामुखीच्या लाव्हात झटपट थंड झालेलं सॅनिडीन तसंच अडकून राहतं, आणि खोलवर संथपणे निवणाऱ्या ग्रॅनाइटमध्ये मायक्रोक्लीन घडायला वेळ मिळतो.

मग तुम्ही ग्रॅनाइटचा पातळ छेद मायक्रोस्कोपखाली ठेवलात. दोन्ही पोलरायझर (प्रकाशाला एकाच दिशेत कंप पावू देणाऱ्या चकत्या) एकमेकांशी काटकोनात आणल्यावर करड्या कणात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची उभी-आडवी जाळी उमटली. स्टेज फिरवली की पट्टे उजळायचे, विझायचे. “हा कण आधी एकनत होता,” तुम्ही म्हणालात. अणू रांगेत लागताना त्याची सममिती घटली, आणि वेगवेगळ्या भागांनी वेगवेगळ्या दिशा धरल्या. त्यातून ही जुळ्या स्फटिकांची जाळी तयार झाली. जन्मतःच त्रिनत वाढलेल्या मायक्रोक्लीनमध्ये ती दिसत नाही. इतकी जुनी हकिकत एवढ्याशा कणात वाचता येते, याचं मला आजही तितकंच अप्रूप आहे.

तास संपल्यावरही तुम्ही ती स्लाइड काढून घेतली नाहीत, मला हवा तितका वेळ बघू दिलीत. आणि कुठल्याही “का?” ला “हे परीक्षेला नाही” असं उत्तर तुमच्याकडून कधी आलं नाही. या दोन्हींसाठी मी तुमचा ऋणी आहे.

तुमचा विद्यार्थी