नुरा कुस्तीचा गेम आणि दर मार्चची वर्गणी

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतल्या व्हिडिओ गेम्सवर पान आलं होतं, त्यात डब्ल्यूडब्ल्यूईच्या, म्हणजे टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीच्या, गेमला दोनच ओळी होत्या, पहिलीत हाणामारीचा गेम आणि दुसरीत मुलांना लांब ठेवा. बास. राग आला नाही पण वाईट वाटलं, कारण मी चाळिशीला टेकलोय, वीस वर्षं हाच गेम खेळतोय, आणि त्याला शिव्याच घालायच्या असतील तर खऱ्या कारणासाठी घाला ना राव, कारणं भरपूर आहेत आमच्याकडं.

आमचे थोरले चुलते, आम्ही अण्णा म्हणतो, तरुणपणी तालमीत होते, कान अजून मोडलेले आहेत त्यांचे. केबल आली तेव्हा आम्ही पोरं टीव्हीवर डब्ल्यूडब्ल्यूएफ लावून बसायचो (तेव्हा एफच होता, ई २००२ ला झाला) आणि अण्णा मागून जाता जाता म्हणायचे, "नुरा आहे रे सगळी, आधीच ठरलेलं असतं." असं म्हणून तिथंच दाराला टेकून अंडरटेकरची मॅच संपेस्तोवर उभे! तर ठरलेलं असतं हे आम्हाला तेव्हाही माहीत होतं, आणि गेमची खरी गंमत पण तिथंच आहे. मातीतल्या कुस्तीत पहिल्याच मिनिटाला ढाक मारून समोरच्याला अस्मान दाखवलं तर लोक डोक्यावर घेऊन नाचतील. नुरात तसं केलं तर तिकिटाचे पैसे परत मागतील. तिथं मार खायचा, उठायचं, परत खायचं, दोनच्या आकड्यावर खांदा उचलायचा, पब्लिक उभं राहिलं की मग फिनिशर, म्हणजे ज्याचा त्याचा शेवटचा हुकमी डाव. मी आणि माझा भाचा एक मॅच वीस-वीस मिनिटं ओढतो, कधी कधी तर आधीच ठरवतो की आज तू हर, उद्या मी. क्रिकेटच्या गेममध्ये असं कोण करतं सांगा. जिंकायची घाई विसरायला लावतो, हे या गेमचं सगळ्यात मोठं बळ आहे आणि ते न खेळणाऱ्याला बाहेरून दिसत नाही.

खेळायला पण तो हल्ली चांगला झालाय, हे मान्य करायलाच पाहिजे. २के२२ पासून, म्हणजे २०२२ ला आलेल्या भागापासून, समोरचा तुम्हाला सलग फटके देत असला तर त्याचं पुढचं बटण कोणतं ते ओळखून तुम्ही तेच दाबायचं, बरोबर निघालं की त्याची साखळी तुटते. अण्णांना समजावून सांगितलं तर म्हणाले मग हा प्रतिडावच की. २के२३ मध्ये वॉरगेम्स आलं, दोन रिंगा आणि त्यावर एकच पिंजरा. २के२४ मध्ये शवपेटीची, अ‍ॅम्ब्युलन्सची मॅच परत आली, तुम्ही स्वतः रेफरी होऊन चिटिंग करू शकता ते पण आलं (भाच्याचा हा आवडता उद्योग, तीनचा आकडा मोजायला तो माझ्या वेळी अर्धा तास लावतो). आणि २के२५ मध्ये बाई विरुद्ध बाप्या अशी मॅच लावता येते, २के नावाच्या भागांत पहिल्यांदाच. भाची तेव्हापासून रिया रिप्ली घेऊन रोमन रेन्सला रोज संध्याकाळी धुते आणि मग जेवायला येते.

आता शिव्या.

२००० पासून २के१९ पर्यंत हा गेम यूक्स नावाची जपानी कंपनी बनवायची, आधी टीएचक्यू या प्रकाशक कंपनीसाठी. टीएचक्यूचं २०१२ च्या शेवटी दिवाळं वाजलं, लायसन्स टेक-टू कंपनीकडं गेलं, तिच्या गेम काढणाऱ्या शाखेचं नाव २के, म्हणून नावात २के आलं. २०१९ ला यूक्स बाजूला झाली, २केच्याच व्हिज्युअल कन्सेप्ट्स या स्टुडिओवर सगळा भार पडला आणि तरी गेम ठरलेल्या ऑक्टोबरमध्येच काढला. तो २के२०. ज्यांनी तो बघितलाय त्यांना सांगायला नको. रेसलर मॅटमध्ये रुतून बसायचे, केस वाऱ्यावर कुठल्या कुठं, दोर आपोआप नाचतायत, जगभर लोकांनी व्हिडिओ टाकून टाकून हसं केलं. आणि कळस म्हणजे १ जानेवारी २०२० ला कॅलेंडर बदललं तसा गेम क्रॅश व्हायला लागला! गेमच्या नावात २० आणि गेमला २०२० सोसेना. पॅच येईपर्यंत लोकांनी कन्सोलचं घड्याळ मागं करून २०१९ मध्येच राहून खेळून घेतलं.

मग पुढच्या वर्षी त्यांनी २के२१ रद्दच केला. त्या जागी बॅटलग्राउंड्स नावाचा एक कार्टूनछाप गेम देऊन वेळ मारून नेली आणि मुख्य गेम आणला थेट मार्च २०२२ ला, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षांनी. आणि तो चांगला निघाला. लोकांनी मागितलेला जनरल मॅनेजर मोड (शो चालवणारा मॅनेजर आपण व्हायचं), जो २००८ च्या भागानंतर गायब होता, तो परत आला, कंट्रोल नव्यानं बनवले, एवढं सगळं कसं जमलं? वेळ मिळाला म्हणून जमलं, दुसरं काय. यातून शहाण्या माणसानं जे शिकायला हवं होतं ते न शिकता कंपनीनं फक्त ऑक्टोबरचा मार्च केला आणि परत दरवर्षी सुरू. २३, २४, २५, रेसलमेनियाच्या, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोच्या, आधी दुकानात माल आला पाहिजे, की झालं.

आणि दरवर्षीच्या चार-पाच हजारांत काय मिळतं? थोडे नवे चेहरे, दोन-तीन नव्या मॅचेस, कव्हरवर नवा माणूस आणि त्याच्याभोवती शोकेस, म्हणजे गाजलेल्या जुन्या मॅचेस परत खेळायचा मोड. शोकेसमध्ये पण कधी कधी कल्पना झकास असते, २के२३ मध्ये कव्हरवर जॉन सीना होता आणि त्याच्या शोकेसमध्ये आपण खेळायचं त्याला हरवणाऱ्यांकडून, वा! पण युनिव्हर्स मोड, जिथं माणूस स्वतःचे शो, स्वतःची भांडणं, स्वतःचे चॅम्पियन महिनोन् महिने चालवत बसतो, त्याला २०१० मध्ये सुरू झाल्यापासून सावत्र पोरासारखं वागवलंय. २के२५ ला त्यात प्रोमो, म्हणजे माईक घेऊन एकमेकांना दिलेली आव्हानं, परत आणले एवढंच. ज्या मोडमधून नवे पैसे येत नाहीत त्याला हात कोण लावणार. बरं, रोस्टर, म्हणजे गेममधल्या रेसलरांची यादी, तरी ताजं असावं, ते पण नाही, कारण काम महिनोन् महिने आधी बंद होतं. जिंदर महाल घ्या, २के२४ आला ८ मार्चला, जिंदरला डब्ल्यूडब्ल्यूईनं एप्रिलमध्ये काढून टाकलं. असं दरवर्षी कोणाचं ना कोणाचं होतंच, गेममध्ये एंट्री मारतोय आणि टीव्हीवर पत्ता नाही.

हे सगळं असून आम्ही घेतो का, तर स्वतःचा पैलवान बनवायची जी सोय आहे तिच्यासाठी. या एका बाबतीत या गेमच्या तोडीचं मी दुसरं काही बघितलं नाही. मागच्या दिवाळीत मी आणि भाच्यानं मिळून अण्णा बनवले. फोटो लावला, मिशी शोधली, लाल लंगोट जमवला, मांड्या जाड केल्या, अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले पोट एवढं नव्हतं माझं, कमी कर. मोडलेल्या कानांवर मात्र आमचा तासभर गेला, स्लायडर ओढून ओढून एकतर कान हत्तीचे व्हायचे नाहीतर दिसायचेच नाहीत, शेवटी अण्णाच म्हणाले राहू दे, केस वाढव. शड्डू काही मला सापडला नाही, त्याच्या जवळपास जाणारी एक हालचाल लावली. नावाचं अजून वेगळं, कॉमेंट्रीवाला जे नाव पुकारतो ते आधी रेकॉर्ड केलेल्या यादीतूनच निवडायचं, त्यामुळं स्क्रीनवर अण्णा आणि माईकवर भलतंच कोणीतरी. पहिली मॅच रे मिस्टेरियोबरोबर लावली, अण्णा हरले. बघून म्हणाले, "मला पैसे दिले असतील."

जगभरातली लोकं असे हजारो पैलवान, एरिना, पट्टे बनवतात आणि फुकट वाटतात, कोणी एखाद्या जुन्या रेसलरच्या पँटवरची शिलाई पण सोडत नाही. गेम जिवंत राहतो तो या लोकांच्या मेहनतीवर. आणि दोनेक वर्षं झाली की जुन्या भागाचे सर्व्हर बंद, म्हणजे ते वाटपही बंद. नवीन भागात अण्णा पहिल्यापासून बनवा. भाड्याच्या घराला रंग देण्यातला प्रकार.

पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण पुरवणीत हीच यायला पाहिजे होती. हाणामारीनं पोरं बिघडत नाहीत, आम्ही अंडरटेकर बघून काही कोणाला पेटीत घातलं नाही. खरी अडचण आहे व्हीसी, म्हणजे गेममधलं चलन, जे खऱ्या पैशानं विकत मिळतं. २के२२ पासून मायफॅक्शन नावाचा पत्त्यांचा मोड आहे, पाकीट फोडा आणि नशीब बघा, आमच्या लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते असायचे त्यातलाच प्रकार पण खिसा बापाचा. २के२५ मध्ये आयलंड म्हणून मोड आला, त्यात तर आपल्या पैलवानाची ताकद पण व्हीसीवर वाढते, म्हणजे पाच हजार भरून आत आलात तरी आत परत काउंटर आहेच. पीसीवाल्यांना हा आयलंड दिलाच नाही, आणि अनेकांचं म्हणणं की तेच सुटले. परवा भाचा अगदी गोड आवाजात म्हणाला, मामा एक ओटीपी येईल तेवढा सांग ना. मी नाही सांगितला. पण सगळ्या घरात मामा गेम ओळखणारा नसतो हो.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी पण जपा. मी एकदा आमच्याकडच्या एका दुकानातून डिस्क घेतली, डब्यात जास्तीच्या रेसलरांचा कोड होता म्हणून दोनशे रुपये जास्त मोजले, घरी येऊन टाकला तर तो आधीच कोणीतरी वापरलेला. दुकानदार म्हणाला डबा तर तुम्हाला दिलाय ना.

यावर उपाय काय तर तोच जो २के२१ च्या वेळी नाइलाजानं झाला होता. गेम दोन वर्षांनी एकदा काढा, मधल्या वर्षी त्याच गेममध्ये नवे रेसलर आणि नवे कपडे विका, हजार-बाराशे आम्ही आनंदानं देऊ. नव्वद जीबीच्या आसपास डाउनलोड दरवर्षी करायचं म्हणजे आमच्या इथल्या नेटवर दोन रात्री जातात, त्या तरी वाचतील. पण समोर तगडी जोडच नाही म्हटल्यावर कंपनी कशाला ऐकेल. यूक्सनंच २०२३ मध्ये एईडब्ल्यूचा, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या प्रतिस्पर्धी कंपनीचा, फाइट फॉरएव्हर आणला होता, आशेनं घेतला, हाताला मस्त होता पण आत करण्यासारखं कमी, डाव रंगायच्या आत संपला.

तुमच्या पुरवणीला एवढीच विनंती, पुढच्या वेळी असल्या गेमवर लिहाल तेव्हा चौकटीत किंमत किती, जागा किती लागते, नेटशिवाय काय काय चालतं आणि आत पैसे कुठं कुठं मागतात एवढं छापा. लिहायला माणूस मिळत नसेल तर आमचा भाचा तयार आहे, पण आठवीत आहे, परीक्षा संपल्यावर.

आपला,
एक जुना वाचक, कराड