न होणाऱ्या रिॲक्शन्स शिकवल्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

ऑरगॅनिकचा, म्हणजे कार्बनच्या संयुगांच्या रसायनशास्त्राचा, कोर्स घ्यावा का, असं हल्ली धाकट्या वर्गातली मुलं मला विचारतात. प्रत्येकाला तोंडी सांगताना काहीतरी राहूनच जातं, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. आभार तुमचे मानायचे आहेत. मुलांनी सोबत वाचलं तर त्यांच्या प्रश्नाचंही उत्तर त्यांना मिळेल.

या विषयाचा दरारा तुम्हाला माहीतच आहे. शेकडो रिॲक्शन्स, प्रत्येकीला कुणा ना कुणाचं नाव, प्रत्येकीचा रिएजंट, म्हणजे घालायचा पदार्थ, वेगळा. पाठांतर जमलं तर तरशील, नाहीतर नाही, हे आम्ही पहिल्या लेक्चरला यायच्या आधीच ऐकून होतो. बऱ्याच जणांनी कार्डांचे गठ्ठेही तयार ठेवले होते, एका बाजूला काय घालायचं आणि दुसऱ्या बाजूला काय मिळतं. तुम्ही त्या कार्डांविरुद्ध कधी एक शब्द बोलला नाहीत. तुम्ही फळ्यावर रिॲक्शन लिहायचात, बाणापुढची जागा कोरी ठेवायचात आणि विचारायचात, "इथे काहीच होत नाही. का?"

माझे आभार या 'का'साठी आहेत. कोर्समधलं बाकी सगळं मला पुस्तकातूनही मिळालं असतं.

निओपेंटिल ब्रोमाइडचंच घ्या. सब्स्टिट्यूशनचा, म्हणजे रेणूतला एक गट जाऊन दुसरा येण्याचा, धडा नुकताच झाला होता आणि 'प्रायमरी असेल तर एसएन-टू, टर्शरी असेल तर एसएन-वन' हे सूत्र सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. एसएन-टू म्हणजे नवा गट येता येताच जुना जातो, एसएन-वन म्हणजे आधी जुना जातो आणि मग नवा येतो; ब्रोमीनच्या कार्बनला आणखी एकच कार्बन जोडलेला असला तर प्रायमरी, तीन असले तर टर्शरी. निओपेंटिल ब्रोमाइड सूत्राप्रमाणे प्रायमरी. ब्रोमीन ज्या कार्बनवर आहे त्याला दोन हायड्रोजन आहेत, म्हणजे एसएन-टू झटपट व्हायला हवी. प्रत्यक्षात इथाइल ब्रोमाइडच्या तुलनेत ती जवळजवळ एक लाख पट हळू चालते. तुम्ही सांगितलं नाहीत, काढायला लावलंत. शेजारच्या कार्बनवर तीन मिथाइल गट आणि न्यूक्लिओफाइलला, म्हणजे येणाऱ्या नव्या गटाला, तर ब्रोमीनच्या नेमक्या मागच्या बाजूने यायचं. तो कार्बन कसाही फिरवला तरी एक मिथाइल वाटेत येतोच. बरं, मग एसएन-वन? त्यासाठी लागणारा प्रायमरी कार्बोकॅटायन, म्हणजे धन भार असलेला कार्बन, सहजासहजी तयार होत नाही. मग एलिमिनेशन तरी, म्हणजे ब्रोमीन आणि शेजारचा हायड्रोजन दोन्ही जाऊन डबल बाँड तयार होणं? शेजारच्या कार्बनवर काढायला हायड्रोजनच नाही. तिन्ही वाटा एकेक करून बंद झाल्या आणि त्या बंद होताना प्रत्येक वाटेला नेमकं काय लागतं ते आम्हाला पहिल्यांदा कळलं. ह्यूज आणि इंगोल्ड यांनी १९३०च्या दशकात वेगाची मोजमापं करकरून एसएन-वन आणि एसएन-टू या दोन वाटा वेगळ्या कशा काढल्या, हे तुम्ही त्यानंतर सांगितलंत. आधी सांगितलं असतं तर ती नुसती दोन नावं राहिली असती.

कोर्सच्या सुरुवातीची लेक्चर्स तुम्ही पीकेएच्या तक्त्यावर (पीकेए म्हणजे आम्लाच्या ताकदीचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जोरकस) घालवलीत तेव्हा वर्गात चुळबुळ होती. हे तर आम्हाला आधीपासून येतं, असं वाटत होतं. ॲसेटिक ॲसिड ४.७६, फिनॉल १०, इथेनॉल १६, टर्मिनल अल्काइन (टोकाला ट्रिपल बाँड असलेला रेणू) २५, अमोनिया ३८. तुमचा आग्रह एवढाच होता की हे आकडे गुण समजून वाचू नका, प्रत्येक अंकामागे दहापट फरक आहे. फिनॉल आणि इथेनॉल यांच्यात सहा अंकांचं अंतर म्हणजे दहा लाख पट. मग फळ्यावर टर्मिनल अल्काइन आणि बेस, म्हणजे हायड्रोजन आयन ओढून घेणारा, सोडियम हायड्रॉक्साइड, बाणापुढे कोरी जागा. पाण्याचा पीकेए १५.७, अल्काइनचा २५. समतोल अब्जाहून जास्त पटीने उलट बाजूला झुकलेला. सोडियम अमाइड (अमोनियापासूनचा बेस, म्हणून ३८) घातलं की तोच समतोल पलीकडे. कुठला बेस कुठे चालेल हे त्यानंतर मला पाठ करावं लागलं नाही. तक्ता काढायचा, वजाबाकी करायची.

त्याच तक्त्याने लीव्हिंग ग्रुपही, म्हणजे रेणू सोडून जाणारा गटही, समजावला आणि तो तास मला अगदी शब्दाशब्दाने आठवतो. प्रश्न होता ब्युटेनॉल आणि सोडियम ब्रोमाइडचा. मधल्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ब्रोमाइड येईल आणि हायड्रॉक्साइड निघून जाईल. दुसऱ्या कुणी "चूक" म्हणून पुढे गेलं असतं. तुम्ही त्याचं उत्तर जसंच्या तसं फळ्यावर घेतलंत, त्याच्याकडूनच बाण काढून घेतलेत, प्रॉडक्टसुद्धा लिहिलंत. मग विचारलंत, "आता फ्लास्कमध्ये कोण कोण आहे?" ब्युटाइल ब्रोमाइड आणि हायड्रॉक्साइड. "यातला जास्त जोरकस बेस कोण?" त्याने तक्ता पाहिला. हायड्रोब्रोमिक ॲसिडचा पीकेए उणे ९च्या आसपास, पाण्याचा १५.७. आम्ल जितकं कमजोर तितका त्याचा बेस जोरकस. हायड्रॉक्साइडला इतक्या सहजी निघून जायचंच नसतं, हे त्याचं त्यानेच सांगितलं. आणि मग तुम्ही त्यालाच विचारलंत, याला जायला लावायचं तर काय करशील? "ॲसिड घालीन," तो म्हणाला, "म्हणजे ते पाणी होऊन जाईल." वर्गातल्या प्रत्येकाने ते वहीत लिहून घेतलं, तुमचं वाक्य म्हणून नव्हे, त्याचं म्हणून. पुढे प्रॅक्टिकलला सोडियम ब्रोमाइड आणि सल्फ्युरिक ॲसिड घालून ब्युटाइल ब्रोमाइड केलं, तेव्हा सल्फ्युरिक कशाला हे सांगायची गरजच पडली नाही.

वर्गात बोलायला घाबरणाऱ्यांना त्या दिवसापासून धीर आला. आपलं उत्तर इथे वाया जात नाही, ते शेवटपर्यंत चालवून पाहिलं जातं, हे दिसलं होतं. एवढ्या मोठ्या लेक्चर हॉलमध्ये हे साधणं किती कठीण आहे, ते आता स्वतः ट्यूटोरियल घेताना समजतं. वेळ जातो, पोर्शन मागे पडतो, तरी तुम्ही ते सोडलं नाहीत.

बाणांच्या बाबतीत मात्र तुम्ही जराही सूट दिली नाहीत, आणि तेही आभार मानण्यासारखंच आहे. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणाऱ्या वाकड्या बाणाची शेपटी लोन पेअरवर, म्हणजे बाँडमध्ये नसलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीवर, किंवा बाँडवरच असली पाहिजे. हायड्रोजनपासून निघालेला बाण दिसला की तुम्ही खडू खाली ठेवायचात आणि विचारायचात, "इलेक्ट्रॉन कुठून निघाले?" रॉबर्ट रॉबिन्सन यांनी १९२२च्या सुमाराला हे बाण वापरायला सुरुवात केली, आणि शंभर वर्षांनी आम्ही त्यांच्याच खुणांनी हिशेब मांडतो आहोत, हे सांगताना तुमच्या आवाजात जो आदर होता तो आमच्यातही उतरला. बाण बरोबर काढला की पुढचा अर्धा विचार आपोआप होतो, हे मला तोवर कुणी दाखवलं नव्हतं.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या लेक्चरकडे येते. मेंथिल क्लोराइड आणि निओमेंथिल क्लोराइड. दोन्हीत तेच अणू, तेच बाँड, फरक एवढाच की एकाच कार्बनवर क्लोरीनची दिशा उलटी. दोन्हींना तोच बेस, सोडियम इथॉक्साइड. निओमेंथिल जवळजवळ दोनशे पट जास्त वेगाने एलिमिनेशन करतं आणि त्यातून जास्त गट असलेला डबल बाँड मुख्यतः मिळतो, झायत्सेव्हच्या नियमाप्रमाणे. मेंथिल हळू चालतं आणि नियम मोडून फक्त कमी गट असलेला अल्कीन, म्हणजे डबल बाँडचा रेणू, देतं. "नियमाप्रमाणे येणारा अल्कीन इथे अजिबात मिळत नाही. का?"

तुम्ही चेअर, म्हणजे सहा कार्बनांच्या रिंगचा खुर्चीसारखा आकार, काढायला घेतली. ॲक्सियल रेषा सरळ उभ्या, एक वर एक खाली. इक्वेटोरियल रेषा बाजूला आडव्या, रिंगमधला एक बाँड सोडून पुढच्या बाँडला समांतर. हे तुम्ही दर वेळी पहिल्यापासून काढायचात. आधीच्या आकृतीवर नुसती अक्षरं बदलून कधी भागवलं नाहीत. मेंथिलची चेअर काढली तर तिन्ही गट, मिथाइल, आयसोप्रोपिल आणि क्लोरीन, आरामात इक्वेटोरियल. रेणूला सोयीचं, पण ई-टूसाठी, म्हणजे क्लोरीन आणि हायड्रोजन एकाच वेळी जाणाऱ्या एलिमिनेशनसाठी, क्लोरीन ॲक्सियल हवा आणि शेजारचा हायड्रोजन त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला ॲक्सियल हवा. म्हणजे चेअर उलटायला हवी, आणि उलटली की तिन्ही गट उभे, गैरसोयीचे. अशा अवस्थेत फार थोडे रेणू असतात, म्हणून वेग कमी. आणि त्या अवस्थेतही आयसोप्रोपिलच्या बाजूचा हायड्रोजन आडवा असतो, तो उपयोगाचा नाही. उरतो दुसऱ्या बाजूचा एकच. त्यामुळे अल्कीनही एकच, आणि तोही नियमाबाहेरचा. निओमेंथिलमध्ये क्लोरीन मुळातच ॲक्सियल, दोन्ही बाजूंना जुळणारे हायड्रोजन, मग नियम आपलं काम करतो.

तुम्ही मॉडेल किट बाकांवरून फिरवलीत. माझ्या हातात आलं तेव्हा मी ती चेअर उलटली आणि तिन्ही गट एका झटक्यात उभे झाले. वेग आणि प्रॉडक्ट, दोन्ही गोष्टींचं कारण त्या एका हालचालीत होतं. रेणूला आकार असतो हे मी आधी वाचलं होतं, व्हॅन्ट हॉफ आणि ले बेल यांचा १८७४चा चौमुखी कार्बन परीक्षेत लिहिलाही होता. आकारामुळे एखादी गोष्ट घडते किंवा अडते, हे माझ्या बोटांना मात्र त्या दिवशी समजलं. पुढे ऑरगॅनिकमध्येच काम करायचं हे मी त्याच आठवड्यात ठरवलं, मॅडम. तुम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं.

बेंझीनबद्दल फार लिहीत नाही, कारण तो धडा सगळीकडेच चांगला शिकवला जातो. पण तुम्ही तोही नकारापासून सुरू केलात. अल्कीनमध्ये ब्रोमीन टाकलं की रंग जातो, बेंझीनमध्ये कॅटॅलिस्टशिवाय टाकलं तर जात नाही. फॅरेडे यांनी बेंझीन १८२५ साली वेगळं केलं, केकुले यांनी १८६५ साली रिंग सुचवली, पण त्या रिंगमध्ये तीन डबल बाँड असून ती अल्कीनसारखी का वागत नाही याचं मनासारखं उत्तर मिळायला क्वांटम मेकॅनिक्स यावं लागलं. ह्युकेल यांचं काम १९३१चं. तुम्ही हायड्रोजनेशनच्या, म्हणजे डबल बाँडवर हायड्रोजन जोडण्याच्या, उष्णतेचे आकडे मांडलेत. एकच डबल बाँड असलेल्या सायक्लोहेक्झीनचे १२० किलोज्यूल, त्याच्या तिप्पट ३६०, आणि बेंझीनचे प्रत्यक्षात मिळतात २०८. मधले दीडशे कुठे गेले, हा प्रश्न लिहून तुम्ही तास संपवलात. पुढच्या तासाला हॉल वेळेआधी भरला होता.

तुमच्या पेपरमध्येही दर वेळी एक प्रश्न ठरलेला असायचा. पाच रिॲक्शन्स, त्यातल्या दोन होत नाहीत, त्या ओळखा आणि कारण दोन ओळींत द्या. कार्डांचे गठ्ठे इथे उपयोगी पडत नव्हते, कारण न होणाऱ्या रिॲक्शनचं कार्ड कुणी करत नाही. सुरुवातीला वर्गाने या प्रश्नाबद्दल तक्रार केली होती. तुम्ही प्रश्न काढला नाहीत, मात्र त्याच्या सरावासाठी जादा ट्यूटोरियल लावलीत आणि तिथे स्वतः येऊन बसलात. हेही नमूद करायला हवं. कठीण प्रश्न विचारणारे पुष्कळ भेटतात; त्यासाठी आपली संध्याकाळ देणारे थोडे.

आता मी प्रयोगशाळेत असते. नवीन रिसर्च पेपर हातात आला की मी त्याचा सबस्ट्रेटचा, म्हणजे रिॲक्शन ज्या ज्या रेणूंवर करून पाहिली त्यांचा, तक्ता उघडते आणि आधी तळाशी जाते, जिथे न चाललेले सबस्ट्रेट दिलेले असतात. नव्वद टक्क्यांच्या यील्डपेक्षा तिथे जास्त कळतं. कुठला गट आडवा आला, कुठला बेस कमी पडला, कॅटॅलिस्टला नेमकं काय सहन होत नाही. काही पेपरांत तो भाग दिलेलाच नसतो, तेव्हा मला खरोखर रुखरुख लागते. आमच्या गटात मी आग्रह धरून न चाललेल्या रिॲक्शन्सची वेगळी वही सुरू केली आहे. तारीख, प्रमाण, तापमान आणि आपल्या मते कारण काय, असे रकाने आहेत. शेवटचा रकाना कोरा सोडायचा नाही असा नियम केला आहे. तो नियम कुठून आला हे तुम्हाला सांगायला नको.

आणि मुलांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: घ्या हा कोर्स. सामान्य रसायनातलं आम्ल-आम्लारी आणि समतोल एकदा नीट चाळून या. लेक्चरला कोरे कागद आणि पेन्सिल घेऊन बसा, छापील नोट्स बाजूला ठेवा आणि फळ्यावरची प्रत्येक चेअर स्वतःच्या हाताने काढा. मॅडमनी कोरी जागा सोडली की उत्तर मोठ्याने सांगा, बरोबर असो वा नसो. आणि मॉडेल किट तुमच्यापर्यंत आलं की ते लगेच पुढे सरकवू नका.

मॅडम, त्या वहीच्या पहिल्या काही पानांच्या प्रती या पत्रासोबत तुमच्याकडे वेगळ्या पाठवते आहे. त्यातल्या दोन रिॲक्शन्सची आम्ही दिलेली कारणं मला पुरेशी वाटत नाहीत. वेळ मिळेल तेव्हा पाहाल का?

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी